खांद्याचं दुखणं आणि बारीक होत गेलेलं अक्षर

डॉक्टरांनी माझी यादी वाचलीच नाही. तारीखवार लिहिलेली बारा लक्षणं होती. त्यांनी पहिल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "अक्षर आधीपासून असंच बारीक होत जातं का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात आमचे हे बोलले, "नाही जी. पहिले हिची बाजाराची चिठ्ठी उभ्या उभ्या वाचता ये. आता चष्मा लावा लागते. मले वाटलं, माह्येच डोळे गेले."

डॉक्टरांनी मला चालायला लावलं. चालताना उजवा हात पुढे-मागे हलत नव्हता. म्हणाले, "पार्किन्सन्स वाटतो." म्हणजे कंपवात. मेंदूत डोपामाइन हे रसायन कमी पडतं, अंग मंद आणि ताठ होतं. हात थरथरलाच पाहिजे असं नाही. माझा थरथरत नव्हता.

मी धामणगाव बढ्याजवळ अंगणवाडी सेविका आहे. त्याआधी आठ महिने उजवा खांदा शेकत होते. हाडांच्या डॉक्टरांच्या व्यायामाने फरक पडेना, तेव्हा त्यांनीच बुलढाण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. जाऊबाई म्हणाल्या, "मेंदूच्या डॉक्टरकडं काऊन? डोकं फिरलं काय वं तुह्यं?"

मलाही तीच धास्ती होती. दवाखान्याच्या पाटीवर एम.डी.नंतर डी.एम. होतं, ही मेंदू, मणका आणि नसांची पुढची पदवी. खाली फेफरं, लकवा, अर्धशिशी, कंपवात. नंबर येईपर्यंत मी त्यात स्वतःला शोधत बसले.

एमआरआयमध्ये काही निघालं नाही. सुटले, असं वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, तो दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी होता. "डोपामाइनची कमी भरून काढणारी गोळी देतो. तिने हात मोकळा झाला, तर निदान पक्कं समजा. आजार जात नाही, पण पुष्कळ वर्षं काम करता येतं."

घरी रोज गोळीची वेळ लिहायचे आणि हात पाहायचे. गुण यावा की येऊ नये, हेच कळेना.

कुणाचा खांदा महिनोन्‌महिने आखडलेला असेल आणि चालताना तोच हात हलत नसेल, तर नुसतं शेकत बसू नका. एकदा विचारा.

चार महिने माझी वेणी हेच घालत होते. गोळी सुरू केल्यावर अकराव्या दिवशी सकाळी उजवा हात आपोआप डोक्यामागे गेला. मी यांना हाक मारली.

ते दारात थांबले. त्यांनी डोक्यामागचा हात पाहिला.

"मंग आजार खरा हाय म्हणायचा," ते म्हणाले.

"हाव," मी म्हटलं, आणि वेणी पुरी केली.