चार बोटं माया

टेलरबाईंच्या दारात उभी असलेली गाडी त्यांच्या घराला शोभत नाही, असं गल्लीतल्या निम्म्या लोकांचं मत आहे. उरलेल्या निम्म्यांचं मत असं, की घरच गाडीला शोभत नाही. गाडी भलीमोठी, काळी, आत खऱ्या चामड्याच्या सीटा, आणि काट्यावर चार लाख ऐंशी हजार किलोमीटर. पोर्च मात्र स्कूटरच्या बेताचा. गाडीचं नाक आत घेतलं की मागचा भाग फाटकात अडकायचा, म्हणून बाईंनी फाटकच काढून टाकलं. शिलाईचं मशीन खिडकीशी सरकवलं. आता पाय मशीनवर आणि एक डोळा गाडीवर, असं दिवसभर चालतं.

बाईंचे यजमान ड्रायव्हर. एकाच मालकाकडे तीस वर्षं काढली. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनीची किल्ली यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याइतकं हिला कोणी ओळखत नाही." मोठ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीचं विचारलं, तर काउंटरवरच्या पोराने काट्याकडे पाहून भंगारवाल्याचा पत्ता सांगितला. ड्रायव्हरसाहेबांना तो अपमान फार लागला. तेव्हापासून गाडीचं सगळं घरीच. वर्षभर त्यांनी स्वतः केलं. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. हात पुढे बराचसा परतला, पाय नाही परतला.

मग पाना बाईंनी घेतला. साहेब खुर्चीत बसून सांगायचे आणि बाई खोलायच्या. सुरुवातीला रोज भांडणं. साहेबांनी म्हणायचं, "जोर लाव," आणि बाईंनी म्हणायचं, "तुम्हीच या की मग खाली." पण बाई तीस-पस्तीस वर्षं लोकांचे कपडे उसवत आलेल्या. उसवणं म्हणजे फाडणं नव्हे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. जो टाका शेवटी घातला तो आधी काढायचा. काढलेला प्रत्येक बोल्ट त्या खाकी कागदावर ज्याच्या त्याच्या जागी मांडायच्या आणि बाजूला खडूने खूण करायच्या, बाही कुठली आणि गळा कुठला ते कळावं तशी. चार वर्षांत त्यांनी ब्रेक बदलले, पाण्याचा पंप बदलला, चारही दारांची कुलपं दुरुस्त केली. एकदाही एखादा बोल्ट जास्तीचा उरला नाही. ही गोष्ट त्या गिऱ्हाइकांना ब्लाउजचं माप घेता घेता सांगत, आणि गिऱ्हाईक हात वर करून निमूट ऐकून घेत असे.

पण या गाडीचा खरा मान वेगळ्याच गोष्टीत होता. तिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर हवेचे फुगे आहेत. बटण दाबलं की फुग्यांतली हवा सुटते आणि गाडी संथपणे खाली बसते. बड्या लोकांना चढायला सोपं जावं म्हणून केलेली ती सोय. ती बसली की तिची सीट साहेबांच्या चाकाच्या खुर्चीला बरोबर समोरासमोर येते. साहेब मध्ये फळी टाकतात, दारावरची मूठ डाव्या हाताने धरतात आणि सरकत सरकत स्वतः आत जातात. कोणी हात लावायचा नाही. पाच मिनिटं लागतात, कपाळावर घाम येतो, पण दार ते स्वतः ओढतात. घरात अंघोळीपासून सगळ्याला दुसऱ्याचा हात लागणाऱ्या माणसाला ही पाच मिनिटं किती मोठी, ते बाईंना माहीत होतं.

आणि एका मंगळवारी सकाळी गाडी पुढच्या उजव्या कोपऱ्यावर बसलेली सापडली. इंजिन चालू केलं, बटण दाबलं, तीन कोपरे उठले, चौथा उठेना.

बाईंचा धाकटा भाऊ गॅरेजवाला. मनाने चांगला, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याने वाकून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"ताई, हे हवेचं लफडं काढून टाकू. चारही बाजूंना साध्या स्प्रिंगा टाकतो. पुन्हा कटकट नाही."

"आणि मग ती खाली कशी बसणार?"

"बसणार नाही. कशाला बसायला हवी?"

"अरे, हे चढणार कसे?"

"भाऊजींना मी आणि माझा कामगार धरून ठेवू की आत. वजन ते किती!"

खिडकीत साहेब बसले होते. एरवी मेव्हण्याच्या प्रत्येक वाक्याला टोमणा मारणारा माणूस, पण त्या वेळी नुसती खुर्ची वळवून आत गेला.

"रविवारी स्प्रिंगा घेऊन येतो," भाऊ म्हणाला.

"ये. तोवर मी बघते."

"तू काय बघणार ताई? मोठमोठ्यांनी यात हात टेकलेत."

"टेकू देत," बाई म्हणाल्या. "माझे रिकामे आहेत."

त्यांनी शिलाईची कामं पुढे ढकलली. जॅक लावला, खाली आधाराला लोखंडी घोडे सरकवले, गाडी हलवून पाहिली आणि मगच चाक काढलं. फुग्यावर साबणाचं पाणी ब्रशने फासलं. जिथून हवा जाते तिथे बुडबुडे येतात, एवढं सोपं असतं ते. फुगा कोरडा ठणठणीत. मागचा वॉल्व्ह ठीक. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी साहेब न बोलावता बाहेर आले आणि म्हणाले, "फुग्याच्या नळीला लाव पाणी."

"नळी मी स्वतः घातलीय. दोन वर्षंही झाली नाहीत."

"म्हणूनच लाव."

नळीला पाणी लावलं आणि वळणावर बारीक बुडबुड्यांची रांग उठली. बाईंनी बोट फिरवलं. नळी तिथे एका बाजूने घासून कागदासारखी पातळ झाली होती. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

झालं होतं असं. शिवणकामात माया सोडतात. शिलाईच्या आत चार बोटं जास्तीचं कापड ठेवायचं, म्हणजे माणूस अंगाने भरला तरी उसवून कपडा वाढवता येतो. माया न सोडणारा शिंपी बाईंच्या लेखी चोरच. हीच सवय हाताला. दोन वर्षांपूर्वी नळी कापताना त्यांनी चार बोटं माया सोडली होती, आणि तेही गाडी जॅकवर अधांतरी असताना. तेव्हा नळी छान दिसली. पण गाडी खाली बसली की चाक वर येई आणि त्या मायेच्या वळणाला घासे. साहेब जितक्या वेळा गाडीत चढले, तितक्या वेळा ती झिजली.

"मीच केलं हे," बाई म्हणाल्या. "लोकांना शहाणपण शिकवते आणि उभ्याचंच माप घेतलं. पँटचं माप माणसाला बसवूनही घ्यायचं असतं, हे शेंबड्या पोरीला कळतं."

साहेब तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. चांगले खदखदून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, तुझ्या मायेनेच मारलं की गाडीला!"

"हसा. हसा."

"माझ्यावर नाही कधी चार बोटं जास्त सोडलीस!"

बाई रागावल्या, मग त्याही हसल्या, आणि मग कामाला लागल्या. या वेळी त्यांनी चाक परत चढवून गाडी दगडी फरशीवर पूर्ण खाली बसवली. स्टिअरिंग या टोकाला, मग त्या टोकाला. प्रत्येक वेळी टेप आत घालून वाट मोजली. मग जॅकने उभी करून पुन्हा मोजली. आकडे मापाच्या वहीत एका लग्नाच्या ड्रेसखाली लिहिले. रिळातून नवी नळी काढली, नवं पातं घेतलं आणि कापायच्या जागी खूण केली. तिथे मात्र हात अडला. बिनमायेचं त्यांनी आयुष्यात काही कापलं नव्हतं.

"काप," साहेब म्हणाले. "माप तुझं आहे. चुकायचं नाही."

हे त्यांनी काही जोर लावून म्हटलं नाही. पण इतक्या वर्षांत बाईंच्या कामाला त्यांनी दिलेली ती पहिली सरळ पावती होती. बाईंनी कापलं. टोक काटकोनात, धागा ओढून पाहावा इतकं सरळ. नट आवळला, पाणी फासलं, वाट पाहिली. एक बुडबुडा नाही.

शनिवारी संध्याकाळी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजली. रविवारी उजाडल्यावर पुन्हा मोजली. एक सूतही फरक नव्हता. बाईंनी तो आकडा साहेबांना दोनदा वाचून दाखवला.

भाऊ टेम्पोत स्प्रिंगा घालून आला, सोबत एक कामगार. गाडी चारही पायांवर सरळ उभी पाहून तो तिच्याभोवती दोन चकरा मारून आला.

"कोणाला बोलावलं होतंस?"

"मला," बाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

गाडी संथपणे खाली आली. साहेबांनी फळी टाकली, मूठ धरली. अर्ध्यावर त्यांचा पाय अडकला, तसा भाऊ धावला आणि त्याने त्यांना काखेत धरलं. हेतू वाईट नव्हता.

"हात काढा, मेव्हणे," साहेब म्हणाले. "माझ्या बायकोने गाडी बसवलीय. मी माझा बसतो."

भावाने हात काढला. साहेबांनी पाय डाव्या हाताने उचलून आत घेतला, सरकले, टेकले, दम घेतला आणि दार ओढलं. बाई स्टिअरिंगवर बसल्या, इंजिन चालू केलं. गाडी बोट-बोट वर येऊ लागली, चारही कोपरे एकदम. खुर्चीत बसून गेली चार वर्षं सगळ्यांकडे मान वर करून पाहणारा तो माणूस हळूहळू खिडकीशी वाकलेल्या मेव्हण्याच्या डोळ्यांच्या पातळीला आला, आणि मग त्याच्याही वर गेला. साहेबांनी काच खाली केली.

"स्प्रिंगा घेऊन जा," ते म्हणाले. "आणि तुमच्या गॅरेजात अशी एखादी बसलेली गाडी आली, तर हिला विचारा. माप घेऊन देईल."

बाईंना त्या क्षणी स्वतःचा जितका अभिमान वाटला तितका तो त्यांनी दाखवला. गल्लीच्या शेवटापर्यंत त्यांनी गाडी हॉर्न वाजवत नेली.