चांदण्यांचा तंटा आणि शिफाचा डबा

शिफा मुल्लाला निवांत जेवण म्हणून मिळत नव्हतं. राजारामपुरीतल्या ऑफिसात तिनं डबा उघडला की फोन वाजलाच.

"शिफाबेटा, माग बंद पडलाय आन् मोबाईल म्हणतोय चालू हाय. आता कुनाचं खरं मानू?" कबनूरच्या यंत्रमागवाल्या गैबीचाचांचा हा रोजचा सवाल.

यंत्रमागाची खबर मोबाईलवर देणारं, शिफाच्या ऑफिसनं बनवलेलं ते सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं होतं. कुणीही उघडावं, सुधारावं. माहितीपुस्तक तेवढं नव्हतं, म्हणून शिफाच चालतंबोलतं पुस्तक झाली होती. पुस्तक झालं तरच तिची सुटका होती.

ते अडलं होतं खुणांवर. शीर्षक कुठलं, ठळक शब्द कुठला, हे संगणकाला कळावं म्हणून मजकुरात चांदण्या-रेघा टाकाव्या लागतात. त्या खुणांच्या पद्धती दोन. शेजारच्या टेबलावरचा सूरज म्हणे मार्कडाउन, समोरचा विश्वजित म्हणे आस्कीडॉक. दोघं हुशार, दोघं हट्टी, आणि लिहिलेली ओळ एकही नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

शेवटी शिफा वैतागली. तिनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काडी टाकली, "विश्वजितचं आस्कीडॉक पक्कं करूया का?" आणि चहा करायला गेली.

परत येते तो सूरजचा मेसेज हजर. 'आस्कीडॉक न्हाय म्हंजे न्हाय!' त्यातला दुसरा 'न्हाय' चांगला जाडजूड.

"सूरज, हा शब्द ठळक कसा केलास रे?"

"दोन्ही बाजूला एकेक चांदणी दिली की."

"आणि मार्कडाउनमध्ये?"

"दोन-दोन लागत्यात," सूरज पुटपुटला.

"एकेक आस्कीडॉकमध्ये लागते!" विश्वजित खुर्चीतून उठून ओरडला.

"रागाच्या भरात माणूस कायबी लिवतंय!" सूरज उसळला.

"रागात जी खूण सुचते तीच सोपी," शिफा म्हणाली. "गैबीचाचा तर कायम रागातच असतात. उद्या त्यांनाही दोन ओळींची भर घालता येईल."

पुस्तक मग तिनंच आस्कीडॉकमध्ये लिहिलं आणि तपासायला दोघांकडे दिलं. सूरज चुका शोधायला बसला, विश्वजित त्या नाहीत हे दाखवायला. एकेका चांदणीवरून दोघांनी घसा कोरडा केला आणि अखेर मंजुरी दिली. मजकूर मात्र एकानंही वाचला नाही. शिफाला हे आधीच ठाऊक होतं.

पुस्तक कबनूरला पोचलं. दुपारी शिफानं डबा उघडला. फोन वाजला, पण सूरजचा.

"व्हय चाचा... माग बंद... पर तुमाला माझा नंबर कुनी दिला?"

तेवढ्यात विश्वजितचाही वाजला.

"शेवटचं पान बघा," शिफा भाकरी मोडत म्हणाली. "अडचण आल्यास कुणाला विचारायचं ते तिथं लिहिलंय. तुमच्या दोघांचेच नंबर, ठळक अक्षरांत. तुम्हीच तर पास केलंत."

मग तिनं सावकाश घास चावला. आपल्या हातनं मटकीत मीठ जास्त पडतं, हे तिला इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच कळलं.