केरकेन्नाचा नाठाळ लॅपटॉप

वस्तू बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत लसादला चैन पडत नसे. लहानपणी आईचा रेडिओ त्याने कितीदा तरी उघडला आणि एकदाच नीट परत जोडला. पुढे ह्याच खोडीवर त्याचं पोट भरलं. स्फाक्स शहराच्या बंदराजवळच्या, तेल आणि मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचे सगळे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. बायको वारल्यावर तर त्याचा दिवस तिथल्या खोलीतच सरू लागला.

खोलीत एक जुना सर्व्हर घोंघावत असे. त्याची हुकमत ऑफिसच्या भिंतींपुरती. त्यामुळे तेलघाण्यांवरचे आणि केरकेन्ना बेटावरचे लॅपटॉप अधूनमधून उचलून इथं आणायचे, तारेला जोडायचे, मगच त्यांच्यावर नवे अपडेट चढायचे. ऑफिसात ह्याला 'हमामचा दिवस' म्हणत. मशीनं न्हायची आणि माणसं कॉफी पीत गप्पा हाणायची.

केरकेन्नाचा लॅपटॉप मन्नूबिया आणायची. ती तिथल्या ऑक्टोपसच्या गोदामाचे हिशेब बघे. नवऱ्यापासून केव्हाच मोकळी झालेली, तोंडाने फटकळ. इतरांची मशीनं महिनोन्‌महिने फिरकत नसत, हिचं मात्र जवळजवळ दर गुरुवारी बोटीने हजर. बेटावर हिशेबाचा प्रोग्राम उघडतच नाही, अशी तिची तक्रार. आणि लसादच्या टेबलावर ठेवलं की तेच मशीन निमूट चाले. लसादने त्यातले भाग बदलून पाहिले, रागाने दोन शब्दही सुनावले. कारण काही हाती लागलं नाही. मन्नूबिया कागदात बांधलेला वाळवलेला ऑक्टोपस त्याच्यापुढे सरकवायची आणि कॉफी मागवायची.

मग कंपनीने जुना सर्व्हर काढून सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरवलं. "आता मशीनं बोटीतून आणायला नकोत, सी लसाद," साहेब नावापुढे अदबीचा 'सी' लावत म्हणाले. "कुठंही असोत, इंटरनेटवरून बसल्या जागी सांभाळा."

लसादला खेळणं मिळाल्यासारखं झालं. कुठलं मशीन जागं, कुठलं झोपलेलं, सगळं एका स्क्रीनवर. आता केरकेन्नाचं गुपितही उघडं पडणार म्हणून तो खुशीत होता. मग त्याच्या लक्षात आलं की मशीन येणार नाही म्हणजे मन्नूबियाही येणार नाही. 

बुधवारी तिचा फोन आला.

"बंद पडलं परत. उद्याच्या बोटीनं आणते."

"आणू नका, लल्ला मन्नूबिया," बाईमाणसाला लावायचा अदबीचा 'लल्ला' लावून तो म्हणाला. "इथूनच बघता येतं आता. स्क्रीनवर परवानगी मागेल, 'हो' दाबा."

"इथून? काय काय दिसतं तुम्हाला?"

"तुमची स्क्रीन. तुम्ही नाही."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर मी काही करू शकत नाही."

"मग राहू दे. मला बोटीवरचा वारा आवडतो."

लसादला हसू आलं, पण डोक्यातला किडा वळवळत होताच. "इतकी वर्षं चकवतंय हे मला. एकदा बघू द्या ना."

"बघा मग," ती सुस्कारा टाकून म्हणाली. "पण नंतर मला काही विचारायचं नाही."

त्याने शोधलं. मशीनच्या सेटिंगमधलं सुरक्षेचं एक बटण बंद होतं, आणि ते बंद असलं की हिशेबाचा प्रोग्राम उघडत नसे. ते आपोआप बंद होणारं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम आत शिरून ते बंद करत असणार, आणि बोटीत बसल्यावर पुन्हा चालू करत असणार. लसादचे कान तापले. एवढ्या वर्षांत त्याने मशीनचे सगळे भाग तपासले होते, आणणारीकडे मात्र नीट पाहिलं नव्हतं.

त्याने बटण चालू केलं. नव्या व्यवस्थेत ते कायमचं कुलूपबंद करायचं होतं, सगळ्यांचंच. हिचं एकटीचं मोकळं ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता आणि गुरुवार चालू राहिले असते. पण तिला येण्यासाठी काही मोडावं लागावं हे त्याला आता नकोसं झालं होतं. त्याने कुलूप घातलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता ते बटण कुणालाच बंद करता येणार नाही."

"बरं." तिचा आवाज एवढासा झाला. "म्हणजे उद्या काही काम उरलं नाही."

"नाही उरलं. उद्या मी येतो तिकडे."

"कशाला? मशीन तर ठीक आहे म्हणता."

"मशीन ठीकच आहे," लसाद म्हणाला.



"सकाळची बोट धरा," ती म्हणाली. "जेवण गार झालेलं मला चालत नाही."