समोर कोण होतं?

मी शाळा पाहिली सातवीपर्यंत. पुढचं सगळं कानांनी शिकले, नाहीतर पुडीच्या कागदावर बोट फिरवत. त्यामुळे बॉक्सिंगमध्ये एक्क्याऐंशी किलोच्या गटाला लाइट हेवीवेट म्हणतात, हेही मला भाकरी थापता थापताच कळलं. नव्वदनंतर नाशकात सिडकोतल्या आमच्या घरी केबल आली आणि आमच्या ह्यांनी एक वही सुरू केली. जगातले लाइट हेवीवेट चॅम्पियन, कोण मोठा, कोण छोटा, सगळं ओळीनं.

ह्यांची मोजायची रीत एकच. किती लढती जिंकला ते विचारायचं नाही, समोर कोण होतं ते विचारायचं. एक चॅम्पियन कधी हरलेलाच नव्हता, त्याला ह्यांनी पार खाली टाकला. "अर्धे म्हातारे, अर्धे नवशिके. अशांना झोपवून काय?" दुसरा बिचारा बऱ्याचदा हरलेला, तो वर. का, तर ज्यांना बघून बाकीचे पळायचे, त्यांच्यापुढे हा उभा राहिला. मला पटायचं हो ते. खोटं कशाला बोलू?

पण ती वही घरभर फिरायची. मी चाळिशीत बाहेरून दहावीला बसले, पास झाले, पेढे घेऊन आले. ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "समोर कोण होतं? तुझ्यासारख्याच चार बायका."

ह्यांचं स्वतःचं एक सुवर्णपदक शोकेसमध्ये होतं. जिल्ह्याचं, त्याच वजनाचं, आमच्या लग्नाआधीचं. आणि समोर होता माझा दादा. सख्खा भाऊ.

झालं होतं असं. दादा चांदवडच्या कांदा मार्केटात हमाल. त्या दिवशी ट्रकबरोबर नाशकात आला होता. स्पर्धेत ह्यांच्या वजनाचा दुसरा गडीच नव्हता, आणि समोर कुणी नसेल तर गट रद्द, पदक नाही. ह्यांच्या वस्तादांना गोण्या उतरवणारा दादा दिसला. त्यांनी त्याला नेऊन काट्यावर उभा केला, हातात मोजे बांधले. "नुसता उभा राहा, पोटभर जेवायला घालू." दादा उभा राहिला. हात खाली, अंग पुढे, गोणी घ्यायला उभं राहतात तसा. मिनिटभरात त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. चार दिवसांनी हे चौकशीला आमच्या घरी आले, मी पाणी आणून दिलं, आणि पुढच्या वैशाखात मला ह्यांच्या घरी दिली.

वस्ताद सोडले तर हे खरं फक्त आम्हा तिघांना ठाऊक. गावात दादानं एवढंच सांगितलं, की मी फायनल हरलो. रौप्यपदक तर होतंच हातात. मार्केटात त्याला कुणी "ए हमाल" म्हणेना, "ओ बॉक्सर" म्हणू लागले. सगळा जन्म पाठीवर गोण्या वाहिलेल्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढं एक नाव होतं.

दर भाऊबीजेला हे विचारायचे, "काय मेव्हणे, हात कसा होता माझा?"

दादा उजवा कान पुढे करायचा. "लय जड, दाजी. तुमच्यापुढं दोन मिनिटं टिकलो, हेच लय झालं."

एका मिनिटाची दोन मिनिटं केली होती दोघांनी मिळून. ह्यांनाही बरं, त्यालाही बरं.

पुढे मुलींचंही बॉक्सिंग सुरू झालं आणि आमची लेक त्यात शिरली. एका दिवाळीच्या तोंडावर ती जिल्ह्यात पहिली आली. भाऊबीजेला दादा येवल्याच्या आपल्या नव्या जावयाला घेऊन आला होता. पोरगा पैठणीच्या मागावर बसणारा, सरळ. दादानं मोठ्या ऐटीत ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. ह्यांच्यासंगं फायनल खेळलो मी." मी ओवाळायचं ताट करत होते, तेवढ्यात लेकीनं मामाला दाखवायला आपलं पदक आणलं.

"गटात किती पोरी होत्या?" ह्यांनी विचारलं.

"दोन."

"म्हणजे तू आणि एक. ती कोण?"

"निफाडची आहे, पप्पा. चांगली खेळते."

"द्राक्षं खुडायला जात असेल. शोकेसमध्ये ठेवू नकोस हं ते. तिथं खरं पदक आहे."

पोरीनं पदक मुठीत झाकलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासमोर कोण होतं हो? एक हमाल! हात वर धरायचे असतात, एवढंही त्याला कुणी सांगितलं नव्हतं!"

मला वाटलं, लागला वर्मी. हे मात्र चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. सावकाश म्हणाले, "मेव्हणे, बहीण काय म्हणतेय बघा. तुम्हीच सांगा जावयांना. बॉक्सर, का हमाल?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. बॉक्सर म्हणावं तर बहीण खोटी पडते.

"ती खरं बोलती," तो म्हणाला. "हमालच होतो मी."

जावयाला फसकन हसू आलं. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. "म्हंजी मामा, गोणीवानीच पडले काय तुम्ही?"

हेही हसले. माझी लेक हसली नाही, पण मान खाली घालून पदकाची फीत बोटाला गुंडाळत राहिली. दादा उठला, चपला घातल्या. मी ताट घेऊन मागे गेले, "दादा, ओवाळायचं राहिलंय!" तो दारात थांबला, गेलेला डावा कान माझ्याकडे करून, आणि पायऱ्या उतरला.

ह्यांचं पदक अजून शोकेसमध्येच आहे. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. जावयानं येवल्यात सांगितलं, येवल्याहून ते चांदवडला गेलं, आणि मार्केटात पुन्हा "ए हमाल" सुरू झालं. लेक पुढच्या स्पर्धेला गेली, पहिल्याच लढतीत हरून आली. ह्यांनी विचारलं, "समोर कोण होतं?" ती म्हणाली, "नाही बघितलं." त्यानंतर तिनं हातमोजे माळ्यावर टाकले.

दादा भाऊबीजेला येतो अजून, रीत म्हणून. पाटावर जरा तिरका बसतो. पूर्वी माझ्या बाजूला उजवा कान असायचा, आता डावा असतो. मी निरांजन फिरवते, वहिनीचं विचारते, गुडघ्याचं विचारते. तो समोरच्या भिंतीकडे बघत असतो. मी बोलत राहते.