भामाचा हातगुण

फाल्गुन निम्मा सरला आणि नल्लकुंट्यात ऊन सकाळी सातलाच ओट्यावर चढून बसायला लागलं. नळाला दिवसाआड पाणी, तेही पहाटे पाच ते सहा. भामानं इंदुताईंचा हौद भरला, दोन घागरी आपल्या खोलीत नेऊन ठेवल्या, अंगण झाडलं. भांड्यांसाठी राख घ्यायला पाटीत हात घातला तर आतून फिस्स झालं आणि मनगटावर टोच बसली. तांबडी कोंबडी राखेत फतकल मारून बसली होती. पिसं फुगलेली, डोळे तारवटलेले. पोटाखाली एक अंडं नाही, तरी जागची हलायला तयार नाही.

"खुडूक झालीस का गं सटवे?" भामा म्हणाली. तिला आनंद झाला होता. आनंद झाला की तिच्या तोंडून शिवीच निघायची.

भामा जहिराबादेकडची. नवरा इथं एका कारखान्यात हमाल होता. कारखाना बंद पडला, वर्षभर तो दारू पीत गेटसमोर बसला आणि एक दिवस तिथंच लवंडला. तेव्हापासून ती इंदुताईंच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राही. खोलीच्या बदल्यात भांडी आणि झाडलोट. पण तिचा खरा धंदा वेगळा. विद्यानगरपासून बरकतपुऱ्यापर्यंत कुठल्याही मराठी घरात बाळ जन्मलं की चाळीस दिवस न्हाऊ घालायला भामा. बाळंतिणीची कंबर, बाळाची टाळू, सगळं तिच्या हातचं. बायका म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. आणि तो गुण बायकांनी ओळखला कोंबड्यांवरून. हिनं ठेवलेलं अंडं वाया जात नाही. जिच्या हातची अंडी फुटतात तिच्या हातची पोरं जगतात, हे असलं शास्त्र कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं, पण भामाची भाकरी त्याच्यावरच चालली होती.

मागल्या साली ते उलटलं. बरकतपुऱ्यात तिनं न्हाऊ घातलेलं एक बाळ सतराव्या दिवशी गेलं. काविळीनं गेलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पण डॉक्टरांचं कागदावर राहिलं आणि बायकांचं तोंडी पसरलं. तीन घरांनी ठरलेली न्हाणी दुसऱ्या बाईला दिली. आता एकच घर उरलं होतं, इंदुताईंचं. त्यांची सून, मुलगा परागची बायको मेधा, पुण्याची, तिला आठवा सरत आला होता. मास्तरीण इंदुताईंच्या नातवाला भामानं न्हाऊ घातलं म्हटल्यावर बाकीच्या घरांची तोंडं आपोआप बंद झाली असती.

तिनं कोंबडी खुडूक बसल्याचं सांगितलं तेव्हा इंदुताई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याचा पेपर तपासल्यासारखं बोलायच्या.

"असं? मग ठेव अंडी. बघू या, तुझ्या हातात काही उरलंय का. सगळी फुटली तर मेधाचं न्हाणं तुझं."

"आन् एखादं राह्यलं तर?"

"तर मला तोंड उघडायला लावू नकोस."

भामानं पंधरा-वीस दिवसांची आपली अंडी काढली. हलवून बघितली, खडबडीत कवचाची बाजूला केली, अकरा निवडली. सम संख्या ठेवायची नाही. दुरडीत भाताचं काड घातलं. वीज कडाडली तर आतला जीव मरू नये म्हणून काडात लोखंडी खिळा खुपसला. दिवस कलल्यावर कोंबडीला त्याच्यावर बसवलं. भिंतीवरून शेजारचा यादगिरी बघत होता. गल्लीतला एकुलता एक कोंबडा, पुंजू, त्याचा.

"भामक्का, दो चूजे मेरे! मेरे पुंजू की मेहनत है."

"तुज्या पुंजूला मन, एकवीस दिवस दुरडीत बसून बघ, मग वाटा माग. तेवढं काम तर तूबी केलतंस की, तुजी बायको देते का तुला वाटा?"

यादगिरीची बायको आतून खदखदा हसली. त्या दिवशी भामा पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर निरोप आला. जहिराबादला भामाचा भाऊ वारला होता. भामानं दुरडीपुढं दाण्याची थाळी ठेवली, पाण्याची वाटी ठेवली आणि इंदुताईंना सांगितलं, "ताई, तेवढं पानी बघा. हात नका लावू." पाचव्या दिवशी परत आली ती सुतक घेऊन.

सुतकातला हात अंड्याला लागला तर अंडं गार पडतं. हात तर सोडा, नजरसुद्धा नको. सुतक फिटेपर्यंत भामा दुरडीकडं पाठ करून, हात मागं नेऊन दाणे टाकायची. कोंबडी उतरून चरायची तेव्हा ही भिंतीकडं तोंड करून उभी. इंदुताईंना याचं हसू यायचं. भांड्यांना मात्र त्यांनी एक दिवसाची सुट्टी दिली नाही. "सुतक तुझं, भांडी माझी," म्हणाल्या.

तेराव्या दिवशी भामानं डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनी दुरडीपाशी बसली आणि कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं बाहेर काढलं. पांढरं. मोठं. गुळगुळीत. दुसरं तसंच. दुकानात ट्रेमधून विकतात तसली आठ अंडी होती. तिची पिवळसर, लहानखुरी अशी फक्त तीन, कोंबडीच्या पोटाखाली अगदी मधोमध. मूठ करून तिनं पांढरं अंडं उन्हात धरलं. आरपार उजेड. आत ना शीर, ना ठिपका.

ती मागच्या दारात गेली.

"ताई, माजी अंडी कुटं हायत?"

"दुरडीत."

"ती खडूवानी पांढरी. माजी न्हाईत."

इंदुताईंनी मुळीच लपवलं नाही. "हो, मी घेतली. मेधाला दुकानाच्या अंड्यांचा वास येतो, उलट्या काढते. डॉक्टर म्हणतात अंडं द्याच. शेजारच्या भारतीनं सांगितलं, गावठी दे, बाळाला ताकद येते. आठ घेतली तर आठ ठेवलीसुद्धा. तुझी ती बया मला चावली म्हणून तीन राहिली. मी काय चोर आहे?"

"यातनं पिलू निघत न्हाई ताई."

"का नाही निघत? कोंबडी तीच, ऊब तीच."

भामा त्यांच्याकडं बघत राहिली. चार बुकं शिकवलेली बाई. "तुमीच मनता न्हवं का, फार्मच्या अंड्यात जीव नसतो, मनून आमाला चालतं?"

इंदुताईंच्या हातातला डबा हातातच राहिला. आता त्यांना पहिलं अंडं आठवलं. फोडलं तेव्हा आत लाल ठिपका होता, त्याला कोळ्याच्या पायासारख्या शिरा होत्या. डाग असेल म्हणून त्यांनी चमच्यानं काढून टाकला होता आणि उरलेलं फेटून तव्यावर घातलं होतं.

"म्हणजे तुझ्या अंड्यात..."

"पुंजू फिरतो ना कोंबडीवर. आन् तीन दीस उबलेली होती."

इंदुताई उठून न्हाणीत गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला, खाल्लं होतं दुसऱ्यानं तरी. बाहेर आल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "भामा, हे मेधाला कळता कामा नये. विहीणबाई येतायत पुण्याहून, त्यांना तर नाहीच. त्यांच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो."

"आन् न्हाणं?"

"तुझंच. माझा शब्द."

भामानं आठही पांढरी अंडी गटारीत फोडली आणि तोंड शिवून घेतलं.

एकविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला तडा गेला. संध्याकाळपर्यंत दोन पिलं ओली, चिकट, कोंबडीच्या पंखाखालून डोकी काढून बघत होती. तिसरं आतच अडकलं. भामानं कोमट पाण्यात बोट बुडवून कवच भिजवलं, नखानं टवका टवका काढला. निघालं ते पाय भलतीकडं वळलेलं. उभं करावं तर कलंडायचं. तिनं दोनदा उभं केलं. तिसऱ्यांदा मान पिरगाळून भिंतीपलीकडं टाकलं, मांजर टपूनच होतं. "लंगडं जगून काय करतंय," ती कोंबडीला म्हणाली. कोंबडीनं ऐकलं नाही. ती दोघांवर पंख पसरून बसली.

राहिलेल्या दोघांना भामा कण्या भिजवून घालायची, दुपारी घारीच्या भीतीनं डालग्याखाली झाकायची. कोंबडी क्लुक क्लुक करत पुढं, दोन पिलं मागं. बघणाऱ्याला ती मिरवणूक फार लहान वाटायची. शेजारची भारती भिंतीवर कोपर टेकून मोजायची, तिला मोजायला फार वेळ लागत नव्हता. "अकरात तीन का गं? त्यातलं एक लंगडं? अरे देवा." संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. भामानं पिलांपुढं कण्या टाकल्या. तिच्याकडं इंदुताईंचा शब्द होता.

मेधाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आली. भामानं पहाटे उठून तिळाचं तेल कोमट केलं, वाटी पदराखाली धरून मागच्या दारातून आत गेली. मेधा पलंगावर टेकून बसली होती. खुर्चीत तिची आई, मनीषाताई, बाळाला मांडीवर घेऊन. दारात भारती होतीच. भामानं तेल तळहातावर घेतलं, चोळलं आणि हात पुढं केले.

मनीषाताईंनी बाळ छातीशी ओढलं. "थांबा. ही तीच ना? भारतीबाई सांगत होत्या ती?"

भामानं इंदुताईंकडं पाहिलं. इंदुताई दुपट्याच्या घड्या घालत होत्या.

"सुतकात हात लावला हिनं अंड्यांना," इंदुताई घडीकडंच बघत म्हणाल्या. "मी सांगत होते. ऐकेल तर ना. मागल्या वर्षीपासून हिच्या हाताचं काही खरं नाही."

भामाच्या बोटांवरून तेल फरशीवर ठिबकलं.

"ताई, देवाला भ्या," ती म्हणाली. "मी दहा दीस त्या दुरडीकडं बघितलं न्हाई. वैनी, तुमीच सांगा. मी गावाला गेल्ते तवा तुमाला आमलेट मिळालं, ते कसलं हुतं? फार्मचं फिकट असतंय. गावठीचं हळदीसारकं."

मेधा विचारात पडली. "हो की. एकदम पिवळं होतं. मी म्हटलंसुद्धा, आई, हळद जास्त पडलीय."

"ती माज्या कोंबडीखालची. उबलेली. आठ."

मेधा हसायला लागली. टाके ओढले म्हणून कळवळली आणि तरीही हसली. "आई! तुम्ही मला पिल्लं खायला घातलीत?"

"अगं, मला काय माहीत..." इंदुताईंचं तोंड पांढरं पडलं.

"मेधा!" मनीषाताई ओरडल्या.

"काय मेधा? मम्मी, मी हॉस्टेलला चार वर्षं चिकन खाल्लंय. परागलाही माहितीये." तिनं डोळे पुसले. "जाऊ दे ना आता. भामाबाई, तुमची काहीच चूक नाही हं. उगाच बिचारीला बोलता सगळे."

भामानं पुन्हा हात पुढं केले.

"नाही नाही, तेल नकोय," मेधा म्हणाली. "दवाखान्याच्या सिस्टर येणार आहेत रोज. सातव्या महिन्यातच बुक केलंय परागनं. आई, तुम्ही हिला सांगितलं नाही का?"

भामानं हिशेब केला. सातवा महिना. कोंबडी तेव्हा खुडूकही नव्हती.

इंदुताईंनी शेवटची घडी ठेवली. आता त्यांना भीती उरली नव्हती, सगळं बाहेर येऊन गेलं होतं. "सांगायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या. "आणि उभी काय राहिलीस? फरशीवर तेल सांडलंयस, पाय घसरून पडेल कुणी. ती कोंबडीही या आठवड्यात कुठं तरी दे. बाळ आहे घरात, घाण नको."

"माज्या हातात काय खोट हाय, तेवढं तरी सांगा ताई."

"कुकर करपलाय. आधी तो घास."

भारती तोंडाला पदर लावून हसत होती, तिला ओलांडून भामा बाहेर आली. पदरानं तळहात खसाखसा पुसले, तरी तेल पुरतं गेलं नाही. मोरीवर उन्हं आली होती. तिनं कुकर पुढं ओढला, काथ्याला साबण लावला आणि घासायला बसली. तळाचा भात खरवडून निघेना. त्यात तांब्याभर पाणी ओतून तिनं कुकर बाजूला सरकवला आणि चहाचे पेले विसळायला घेतले.