आठ मीटर पूर्वेला

उद्या सकाळी दहा वाजता वर्षाराणी प्रकल्पातून आपलं नाव मागे घेणार आहे. संध्याकाळी फोनवर तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. रडली असती तर समजूत तरी घातली असती.

वर्षाराणी माझी मुलगी. संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करते. मी बी.ए. केलंय, अंगणवाडी चालवते, पण तिच्या वह्यांतलं मला एक अक्षर कळत नाही. तिला हा नाद लावला तो तिच्या चुलत्यानं. बद्रीनाथ भाऊजी गावातले रेडिओ दुरुस्त करायचे आणि ते डाग देऊन तारा जोडत असताना ही सात वर्षांची पोर पकडीत तार धरून बसायची.

तिचा आत्ताचा रेडिओ काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. त्याला ना काटा, ना आवाज. तो आकाशातून येईल ते जसंच्या तसं लॅपटॉपला देतो आणि त्यातून काय निवडायचं ते तिनं लिहिलेला प्रोग्रॅम ठरवतो. मोबाईलला रस्ता दाखवणारे उपग्रह एकट्या अमेरिकेचे नसतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. युरोपचे, रशियाचे, चीनचे वेगळे असतात, आपलेही आहेत. आमचं गाव धारूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. अर्धं आकाश डोंगरच झाकतो, त्यामुळे एका देशाचे उपग्रह इथं पुरत नाहीत. म्हणून एकाच रेडिओवर सगळ्यांचे ऐकायचे, ही तिची कल्पना.

दिवाळीच्या सुटीत ती हे पडताळून पाहायला घरी आली. सहा वर्षांपूर्वी मोठं यंत्र घेऊन मोजणीवाले आले होते. आमच्या शेताच्या कोपऱ्यावरच्या दगडाचे अचूक अक्षांश-रेखांश त्यांनी कागदावर दिलेत. त्याच दगडावर अँटेना ठेवायची आणि आपलं उत्तर कागदाशी जुळतं का ते बघायचं. अँटेनाखाली लोखंडी पत्रा हवा होता, तर माझा भाकरीचा तवाच घेऊन गेली.

शेजारच्या भिवराबाई बांधावरून ओरडल्या, "काय गं वर्षे, तव्यावर काय भाजायलीस?"

"उपग्रह भाजायलेय, मावशी!"

"मग दोन आमच्याकडंबी पाठव. भाकरीसंगं कोरड्यास न्हाई आज."

त्या दिवशी ती खूप हसली होती. एक मिनिट ऐकायचं आणि तासभर लॅपटॉपनं मोजत बसायचं, असं चाललं होतं. अमेरिकेचं उत्तर कागदापेक्षा आठ मीटर पूर्वेला आलं. तिनं युरोपचे उपग्रह जोडले. मग चीनचे, मग रशियाचे. प्रत्येक वेळी आठ मीटर, आणि प्रत्येक वेळी पूर्वेलाच. सहा दिवस तिनं प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासली. जेवायला बोलावलं की "आलेच" म्हणायची आणि यायची नाही.

सातव्या दिवशी तिनं मला विचारलं, "आई, हा दगड कधी हलला होता का गं?"

मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "देव आहे तो. त्याला कोण हलवणार?"

दगड मी हलवला होता.

मोजणी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाणंद रुंद करायला जेसीबी आला. वर्षाचे वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. ते, भाऊजी, गावातले सगळे बाप्ये कारखान्यावर गेलेले. यंत्रानं दगड उपटून फेकला आणि ड्रायव्हर निघून गेला. भिवराबाई आणि मी दोघींनी तो ढकलत आणून लिंबाखाली उभा केला. अंदाजानं. पुन्हा कुणी उपटू नये म्हणून मीच त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला. आमच्याकडं शेंदूर लागला की दगडाला कुणी हात लावत नाही. हे माहीत असूनच लावला.

कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर माणसं परतली. वर्षाच्या वडिलांनी त्या दगडापर्यंत नांगर घातला, म्हणजे शेजारच्या भाऊजींच्या रानात. भाऊजी धावत आले, "दगडाला काय पाय फुटले का बे, राम?"

"शेंदूर दिसत न्हाई व्हय तुला?" वर्षाचे वडील म्हणाले. "देव काय खोटं बोलंल?"

मी दारात उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू, करता करता दोघं भाऊ एकमेकांच्या दुखण्याखुपण्यालाही जाईनासे झाले. वर्षाचं काकांकडं जाणं बंद झालं. भिवराबाईंनी मला एकदाच विचारलं, "सांगायचं का गं?" मी नको म्हणाले.

आणि आता पोर म्हणते, "चार ठिकाणचे उपग्रह एकच चूक करणार नाहीत, आई. म्हणजे चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ती मला सापडत नाही. मला हे जमणारं नाही." उद्या ती सरांना असंच लिहून देणार. तिचं उत्तर बरोबर आहे, हे जगात फक्त मला माहीत आहे. भिवराबाईंनाही यातला अर्थ लागायचा नाही.

खरं सांगितलं तर ती कारण लिहील, आणि वडिलांपासून लपवणार नाही. तो तिचा स्वभावच नाही. ते कारखान्यावर आहेत. पाच वर्षं भावाशी कशावरून भांडलो हे त्यांना फडात, टोळीसमोर कळेल. ते मला काय म्हणतील, कळत नाही. भाऊजींना कोणत्या तोंडानं भेटू, तेही कळत नाही.

मघापासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. रात्रीचे साडेबारा वाजलेत. ती जागीच असणार, त्या ओळी पुन्हा तपासत. तिला एवढंच सांगते, दगड लिंबाखाली नव्हता, आधी तो पश्चिमेला होता, पाणंदीच्या कडेला, आणि तो मी हलवला. पुढचं ती विचारेल तसं.

लावते फोन.