चतुराबाईच्या मनातली विळी

चाकूरजवळच्या त्या गावात शाळेची खिचडी चौदा वर्षं चतुराबाईच्याच हातची. चुलीतलं लाकूडसुद्धा मुंग्या झटकून लावणारी बाई.

तिला नात झाली. पाचव्या दिवशी विळीवर दोडके चिरताना एकदम मनात आलं, ही विळी पोरीच्या मानेवर फिरवली तर? तिनं दोडके तसेच टाकले. मग तो विचार दिवसातून शंभरदा येऊ लागला. आला की ती एकवीस वेळा 'राम राम' म्हणायची. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. विळी शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवली. घरात नुसतं वरण आणि पिठलं. नातीला तर तिनं बोटही लावलं नाही.

गावानं अर्थ लावला, पोरगी झाली म्हणून सासू रुसली. सून तनुजा रडली. अंगणवाडीच्या शिवकांताबाईंनी घरी येऊन मुलींच्या महत्त्वावर तासभर सुनावलं. चतुराबाईनं मान खाली घालून ऐकलं. खरं सांगण्यापेक्षा हे बरं होतं.

शेवटी ती बहिणीकडं, देवणीला कायमची निघाली, तेव्हा मुलानं, व्यंकटनं पिशवी धरून ठेवली.

"मला घरात ठेवू नको रे. माझ्या हातून पोरीचं काहीतरी व्हईल."

व्यंकटनं तिला लातूरच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं. तिथं अशाच नकोशा विचारांवर अभ्यास चालू होता. डॉक्टर सिंधू प्रश्न विचारत आकडे मांडत गेल्या. चाळीसपैकी एकतीस.

"म्हणजे पास झाली की!" व्यंकट म्हणाला.

"नाही हो. आकडा जितका मोठा, तितका त्रास मोठा."

"म्याडम, मला पोलिसात द्या," चतुराबाई म्हणाली.

"मावशी, हा आजार आहे. विचार आला म्हणजे तुम्हाला तसं करायचंय, असं नाही. उलट त्याचीच तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते."

अभ्यासात अर्ध्यांना नुसत्या गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि सराव. चतुराबाईच्या वाट्याला सराव आला. आधी विळी समोर ठेवून बसायचं, मग नात खोलीत असताना भाजी चिरायची. विचार आला तर येऊ द्यायचा, 'राम राम' म्हणायचं नाही. देवाचं नाव बंद करणारी डॉक्टरीण म्हणून गावात बोभाटा झाला; इलाज कशावर, ते मात्र घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी चतुराबाई घामानं भिजली. अर्ध्यापाऊण तासानं भीती आपोआप उतरली, तेव्हा तिलाच खरं वाटेना.

तीन महिन्यांत आकडा अकरावर आला. आता तनुजाची तक्रार, "आत्याबाई पोरीला खालीच ठेवंनात." शिवकांताबाईंनी तालुक्याच्या बैठकीत हे आपल्या समजावण्याचं यश म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

"विचार येतो का अजून?" शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं.

"येतो की. येऊन बसतो, जातो. मी भाजी चिरत राहते."

"छान. अहवालात तुमचं नाव नसेल हं, फक्त नंबर. सत्तेचाळीस."

कुणाला कळू नये म्हणून इतके महिने जीव मुठीत धरलेली चतुराबाई हिरमुसली.

"एवढं केलं, अन् नाव न्हाई?"

"नियम आहे, मावशी."

बाहेर बाकावर चार बाया बसल्या होत्या. चतुराबाईनं त्यांना स्वतःच नाव, गाव आणि सगळी हकिगत सांगितली. चाकूरची बस चुकली.